धोटा, गोफण, भूल : वीस हजार वर्षांनंतरच्या शस्त्रांना मराठीत काय म्हणायचं?

हुरडापार्टी :
मंडळी, एक मोठी विज्ञानकथा लिहायला घेतलीय. काळ साधारण वीस हजार वर्षांनंतरचा, माणूस आख्ख्या आकाशगंगेत पसरलाय, साम्राज्य आहे, बंडखोर आहेत, जहाजं आहेत आणि जहाजं म्हणली की शस्त्रं आलीच. पण पहिल्याच लढाईत गाडी अडकलीय. 'कप्तानाने ऊर्जाकवच कार्यान्वित करून किरणोत्सर्जक अस्त्राने प्रहार केला' असं लिहिलं आणि वाचून मलाच हसू आलं, थेट पौराणिक मालिका वाटायली. मग चिडून सगळं इंग्रजीच ठेवलं, 'शील्ड ऑन करून ब्लास्टर फायर केला', तर धाकटी बहीण म्हणाली दादा हे डब केलेलं कार्टून आहे का. तर शब्द सुचवा की. ब्लास्टर, शील्ड, शटल, वार्प ड्राइव्ह (प्रकाशापेक्षा जोरात पळवणारं इंजिन), रेलगन, स्टन (न मारता बेशुद्ध करायचं) आणि प्लाझ्माचं काहीतरी. 'गॅलॅक्टिक'ला काय म्हणायचं तेपण सांगा, आकाशगंगीय म्हणताना जीभ वळत नाही.

जुनीपोथी :
शेवटचं आधी घेतो कारण तिथं घोळ फार होतो. आकाशगंगा म्हणजे आपली, एकच. बाकीच्या सगळ्यांना मराठीत दीर्घिका म्हणतात, देवयानी ही दीर्घिका, आपल्यापासून साधारण २५ लाख प्रकाशवर्षं लांब. दीर्घिका म्हणजे संस्कृतात लांबट तळं, फार सुंदर शब्द आहे पण शाळेच्या पुस्तकाबाहेर कोणी वापरत नाही. तुमचं साम्राज्य आपल्याच घरात असेल तर सरळ 'आकाशगंगेचं साम्राज्य' लिहा, विशेषण करायची हौस कशाला. आणि ही आकाशगंगा साधारण एक लाख प्रकाशवर्षं रुंद आहे, म्हणजे या टोकाचा हुकूम प्रकाशाच्या वेगानं त्या टोकाला पोचायला लाख वर्षं. साम्राज्य चालवायला आधी त्याचं काहीतरी बघा, शब्द नंतर.

आता शस्त्रांचं. आपल्याकडं शस्त्र आणि अस्त्र यात फरक आहे. शस् म्हणजे कापणं आणि अस् म्हणजे फेकणं, म्हणून हातात धरून मारायचं ते शस्त्र आणि सोडायचं ते अस्त्र. क्षेपणास्त्र, अण्वस्त्र हे शब्द बरोबर त्याच हिशोबानं झालेत. अग्निपुराणात तर याहून बारीक वाटणी आहे : यंत्रानं सोडायचं ते यंत्रमुक्त, हातानं फेकायचं ते पाणिमुक्त, हातातून न सोडायचं ते अमुक्त, आणि सगळ्यात भारी म्हणजे मुक्तसंधारित, सोडून परत आवरता येतं ते. शत्रूवर जाऊन, काम करून परत जहाजात येणारे ड्रोन लिहिणार असाल तर हा शब्द तयार पडलाय, इतकी शतकं कोणी उचलला नाही म्हणायचं.

हुरडापार्टी :
मुक्तसंधारित लई आवडला पण लढाईत ओरडायचा कसा? 'मुक्तसंधारित सोडा' म्हणेपर्यंत जहाज जाईल.

पूर्वभाग :
हेच म्हणायचं होतं मला. पोथी काका, राग मानू नका, तुमचे शब्द खरे आहेत पण ते दप्तरातले आहेत. फौजेत प्रत्येक वस्तूला दोन नावं असतात, एक स्टोअरच्या रजिस्टरमधलं आणि एक तोंडातलं. कथेत दोन्ही पाहिजेत. साम्राज्याच्या फर्मानात मुक्तसंधारित येऊ दे, आणि तोफखान्यातला पोरगा त्याला 'पारवा' म्हणू दे, कारण सोडला की घरी येतो. वाचकाला एकदा दोन्ही दाखवलं की पुढं पारवाच चालेल.

आता शटल. आमचं घर मागवाल्यांचं, आज्जापासून. इंग्रजीतला शटल हा शब्द आलाय कुठनं? मागावरनं. ताण्याच्या उभ्या धाग्यांमधनं बाण्याचा आडवा धागा घेऊन इकडनं तिकडं, तिकडनं इकडं पळतो त्याला ते शटल म्हणतात, आपण धोटा म्हणतो. अमेरिकेचं ते यान १९८१ साली उडालं त्याचं नाव यावरनंच, वर जायचं, परत यायचं, परत जायचं. आपल्याकडच्या पेपरनी त्याला अंतराळयान, अवकाशयान असलं काहीतरी केलं, आणि ज्या गावात घराघरात धोटा खडखडायचा त्या गावालापण कळलं नाही की हा आपलाच शब्द आहे. जहाज वर कक्षेत थांबलंय, खाली ग्रहावर माणसं-सामान ने-आण करायचंय, तर 'धोटा खाली सोडा'. 'शेवटचा धोटा चुकला'. आणखी काय पाहिजे.

जुनीपोथी :
राग कसला, धोटा एकदम मान्य. त्यात एक गंमत घाला : जुन्या इंग्रजीत या शब्दाचा मूळ अर्थ बाण, भाला, म्हणजे फेकून मारायची वस्तू असा होता. शूट त्याचाच भाऊ. म्हणजे हा शब्द शस्त्रातून मागावर आला आणि मागावरून अंतराळात गेला.

हुरडापार्टी :
अरे वा. मग वार्पपण मागावरचाच ना? वार्प म्हणजे ताणा. वार्प ड्राइव्हला 'ताणायंत्र' करू का?

पूर्वभाग :
नको बे, तिथं फसशील. मागावरचा वार्प म्हणजे ताणा हे बरोबर, पण ड्राइव्हमधला वार्प म्हणजे वाकणं, मुरडणं, लाकूड पाण्यानं फेंगडतं तसं. इंग्रजीत शब्द एकच म्हणून आपल्याकडं ओढून आणायचा नाही. वस्तू काय करते ते बघ. १९९४ साली मिगेल अल्कुबिएरे नावाच्या मेक्सिकोच्या शास्त्रज्ञानं याचं गणित मांडलं होतं, त्यात जहाज पळतच नाही, जहाजापुढचा अवकाश आकसतो आणि मागचा पसरतो, जहाज मधल्या तुकड्यात नुसतं बसून राहतं. कागदावर बसतं ते, करायला मात्र असली उलटी, म्हणजे ऋण, ऊर्जा लागते जी अजून कोणाकडं नाही. मग मराठीत काय होतंय इथं? अवकाशाला चुणी पडायलीय. चुणी घालायची, चुणी सोडायची. 'चुणीत शिरलो', 'चुणी उलगडली', 'चुणीतनं बाहेर पडताना मागची धूळ पुढच्या ग्रहावर आदळली'. रजिस्टरमध्ये पाहिजे तर 'अवकाशसंकोचक' लिहा, मला काय.

सातरस्ता :
मी वाचतोय नुसता, पण एक विचारतो. एवढा आटापिटा कशाला? लेसर, रोबोट, रॉकेट हे सगळे मराठीच झालेत आता. लेसरला कोणी मराठी शब्द शोधला का? डोळ्याचं ऑपरेशनपण लेसरनंच होतं. माझी आजी 'लेजर मारला' म्हणती.

जुनीपोथी :
लेसरचं बरोबर आहे, तो राहू दे. १९६० मध्ये मायमननं माणकाच्या कांडीतून पहिला लेसर काढला, तो शब्दच मुळात इंग्रजी आद्याक्षरं जोडून केलेला, त्याला मूळ अर्थ असा नाहीच, त्यामुळे कुठल्याही भाषेत तो सारखाच परका आणि सारखाच आपला. तोफ आणि बंदूक तरी कुठं आपल्या होत्या? शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करून घेतला, फारसी शब्दांना संस्कृत पर्याय, त्यात शस्त्रांचा वेगळा वर्ग आहे. दरबारातले काही शब्द रुळले. पण रणांगणावर तोफ ती तोफच राहिली आणि बंदूक ती बंदूकच.

ब्लास्टरचं मात्र तसं नाही. तो नुसता आवाजी शब्द आहे, त्यातून नक्की काय बाहेर पडतं हेच लेखकानं ठरवलेलं नसतं. आधी ते ठरवा.

पूर्वभाग :
आणि लेसर असेल तर दिसणार नाही हे लक्षात ठेव. पोकळीत लेसरचा झोत बाजूनं दिसत नाही, उजेड विखरायला तिथं हवा नाही धूळ नाही, आवाजपण नाही. त्यामुळं 'लाल किरण सूं सूं करत आला' हे कापून टाक. लेसरचा मार बसला की समोरच्या जहाजाचा पत्रा उकळतो, बस, तेच पहिलं कळणं. म्हणून क्रियापद 'मारला'पेक्षा 'लागला' बरं. ऊन लागतं, झळ लागते, तसा लेसर लागला. आपल्या सोलापूरकरांना ऊन लागणं समजावून सांगायला नको.

याच्यातनंच दुसरा शब्द निघतो. चंद्र ३,८४,००० किलोमीटरवर, प्रकाशाला सव्वा सेकंद लागतो. तुमची लढाई त्याच्या दुप्पट अंतरावर असेल तर समोरचं जहाज दिसतंय ते अडीच सेकंदापूर्वीचं, आणि तुमचा लेसर पोचणार आणखी अडीच सेकंदानं. पाच सेकंदात ते कुठं गेलं असेल? म्हणजे दिसतंय तिथं मारून उपयोग नाही, असेल तिथं मारायचं. या माणसाला मराठीत शब्द आहे, गोलंदाज. तोफेवरचा माणूस तो. फारसीत अंदाज म्हणजे फेकणारा, तिरंदाज तसाच गोलंदाज. क्रिकेटवाल्यांनी पळवला म्हणून काय झालं.

हुरडापार्टी :
गोलंदाज लिहिला तर वाचक पार्क स्टेडियमवर जाईल सरळ.

पूर्वभाग :
जाऊ दे की पहिल्या पानाला. तिसऱ्या पानाला परत येतो. पात्राचं नाव काय ते सोड, हुद्दाच 'थोरला गोलंदाज' कर आणि त्याच्या हाताखाली चार पोरं दे, चित्र आपोआप तोफखान्याचं होतं.

जुनीपोथी :
रेलगन राहिली. तिला कोणी 'रूळतोफ' म्हणतात, पण मला वाचताना रेल्वेच्या डब्यावर ठेवलेली तोफच दिसते. तिच्यात दोन समांतर पट्ट्यांमधून प्रचंड वीज सोडतात आणि चुंबकीय बलानं मधला तुकडा पुढं फेकला जातो. दारू नाही, स्फोट नाही. त्यामुळे 'दारूगोळा संपला' हे वाक्यसुद्धा तिथं चूक.

पूर्वभाग :
गोफण! दारूशिवाय दगड फेकायचं यंत्र आपल्याकडं कधीपासनं आहे. ज्वारीत पाखरं राखायला माळ्यावर उभं राहून फिरवतात ती. आणि तिच्यात घालायच्या दगडाला शब्दपण तयार आहे, गोफणगुंडा. आता हिशोब बघ : एक किलोचा गुंडा सेकंदाला १० किलोमीटर वेगानं सोडला तर त्याच्यात ५ कोटी ज्यूल, म्हणजे १२ किलो टीएनटी फुटल्याएवढी ताकद, आणि आत भरलंय काय तर नुसतं लोखंड. वेग दुप्पट केला की ताकद चौपट. साम्राज्याच्या दप्तरात 'विद्युत्क्षेपक' आणि जहाजावर गोफण. 'डावी गोफण भरा'. 'गुंडे किती राहिलेत?' वाचून बघ मोठ्यानं.

हुरडापार्टी :
मोठ्यानं वाचलं, आई आतनं विचारायली कोणाला मारायलास.

शील्डला ढाल की कवच? आणि प्लाझ्मा?

जुनीपोथी :
ढाल एका बाजूला धरतात, कवच अंगभर असतं. तुमच्या जहाजाचं संरक्षण एका दिशेला वळवता येत असेल तर ढाल, आणि 'ढाल फिरवा' हा हुकूम छान बसतो. चहूबाजूंनी असेल तर कवच. सैनिकाच्या अंगावरच्या यांत्रिक सूटला मात्र दोन्ही नको, तिथं चिलखत आहेच. एका कथेत तिन्ही वापरा, तीन वेगळ्या वस्तूंना, वाचक गोंधळत नाही.

प्लाझ्माला विश्वकोशात आयनद्रायू आहे. द्रायू म्हणजे वाहणारा पदार्थ, त्यात आयन, म्हणजे विजेचा भार असलेले अणू. शब्द अतिशय नेमका आहे आणि मला मनापासून आवडतो, पण प्लाझ्माच ठेवा, रक्तातल्या प्लाझ्मामुळे लोकांच्या कानावर तोही आहे. आणि पोकळीत प्लाझ्मा लगेच पसरतो, त्याला चुंबकीय वेष्टण नसेल तर लांब जाणार नाही. म्हणून ते जवळच्या झटापटीचं अस्त्र करा.

पूर्वभाग :
तोंडातला शब्द 'जाळ'. 'दारातनं आत जाळ सोडला.' संपलं.

सातरस्ता :
बरं, पटायलंय हळूहळू. स्टनला मी सांगतो, भूल. मी दवाखान्यात काम करतो. बंदुकीला दोन खुणा, 'भूल' आणि 'ठार'. 'भुलीवर ठेव रे, जिवंत पाहिजे तो.'

पूर्वभाग :
हा आजचा सगळ्यात भारी. कोणाला समजावून सांगायची गरजच नाही. फक्त दवाखान्यात काम करणारा माणूस लगेच सांगेल की भूल मोजून द्यावी लागते, वजनाप्रमाणे, नाहीतर माणूस उठतच नाही. ते कथेत वापर, बंदुकीनं समोरच्याचं वजन चुकीचं धरलं आणि भुलीतच गेला, तिथनं बंड पेटतं.

सातरस्ता :
खरंय, वजन आधी विचारतात. लहान पोरगं असेल तर काय हाही प्रश्न आलाच.

जुनीपोथी :
एक राहिलं. मोठ्या तोफांना प्रकार नको, नाव द्या. मुलूखमैदान आठवा. १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली, मग परंड्याच्या किल्ल्यात होती, तिथून विजापूरला गेली, वजन साधारण ५५ टन. मूळ नाव मलिक-ए-मैदान, म्हणजे रणांगणाचा धनी. आपल्या लोकांनी ते तोंडात घोळवून मुलूखमैदान केलं, आणि पुढं तोफ गप्प झाली तरी गर्जणाऱ्या वक्त्याला मुलूखमैदान तोफ म्हणायची पद्धत राहिली. सोलापूरहून विजापूर शंभरेक किलोमीटर, एकदा शेर्झा बुरुजावर जाऊन तिचं तोंड बघून या, सिंहाचा जबडा आणि त्यात हत्ती. साम्राज्याच्या सगळ्यात मोठ्या जहाजावरच्या तोफेला असंच परभाषेतलं भारदस्त नाव द्या आणि बंडखोरांच्या तोंडी ते मोडून टाका. वीस हजार वर्षांत भाषा तेवढं तर करणारच.

हुरडापार्टी :
हे घेतलं. लिहून बघितलंय, सांगा कसं वाटतंय :

'चुणी उलगडली तेव्हा समोर तीन जहाजं होती. थोरल्या गोलंदाजानं ढाल डावीकडं फिरवायला सांगितली आणि गोफणीत गुंडा भरला. पहिला लेसर लागला तो कोणाला दिसला नाही, फक्त तिसऱ्या कोठीचा पत्रा पांढरा पडला. खाली धोटा अजून ग्रहावरच होता, त्यात अकरा माणसं.'

पूर्वभाग :
चालतंय. 'गोफणीत गुंडा भरला' यात कर्ता गोलंदाजच राहायलाय, तो स्वतः भरणार नाही, पोरं भरतील. 'भरायला लावला' कर. आणि धोट्याचं सामान्यरूप सांभाळ, धोट्यात, धोट्यातनं, धोट्याला. 'धोटामध्ये' दिसलं तर आमचा आज्जा वरनं खाली येईल.

सातरस्ता :
आणि लेसर तो का ते?

जुनीपोथी :
तो. किरण तो, बाण तो, लेसरही तो. गोफण ती, ढाल ती, भूल ती, कवच ते. ब्लास्टर काढूनच टाकलाय म्हणून त्याचं लिंग ठरवायचं वाचलं.