लात्व्हियन गॅम्बिट: चौथ्या चालीला घोडा सी४ आला की काय करायचं?

मंडळी, मदत हवी आहे. वर्षभर मी बुद्धिबळात काळ्या सोंगट्यांनी लात्व्हियन गॅम्बिट (सुरुवातीलाच प्यादं पणाला लावून हल्ला करायची पद्धत) खेळतेय. १. ई४ ई५ २. घोडा एफ३, आणि इथे आपण एफ५. रेटिंग १५०० च्या आसपास.

ही सुरुवात कच्ची आहे हे मला माहीत आहे. एफचं प्यादं पुढे गेलं की राजाची एच५ पर्यंतची तिरकी रेघ उघडी पडते आणि इंजिन (डावाचं मूल्यमापन करणारा संगणक प्रोग्राम) लगेच पांढऱ्याच्या बाजूने झुकतं. तरी १९५५ साली व्हिक्टर्स पुपोल्स यांनी बारा वर्षांच्या, पुढे जगज्जेता झालेल्या बॉबी फिशरला याच गॅम्बिटने हरवलं, हे कळल्यापासून मला ती सोडवत नाही. ई४ आलं की वीस चाली नुसतं सांभाळत बसायचं, असं बुद्धिबळ मी खूप खेळले. आता पहिल्या घासालाच भांडायचं आहे. म्हणून 'सोडून दे, पेट्रॉफ (दुसऱ्या चालीला घोडा एफ६ ची सुरक्षित सुरुवात) खेळ' हा सल्ला कृपया नको.

सुरुवातीला मी पांढऱ्याच्या ३. उंट सी४ चं उत्तर घोटलं. भांडुपहून फोर्टला जाताना लोकलमध्ये महिनाभर तेच: एफने ई४ मारायचं, घोडा ई५, वजीर जी५, मग डी४, वजिराने जी२, पांढऱ्या वजिराचा एच५ वरून शह, जी६, उंटाचा शह, राजा डी८, उंट जी६ घेतो आणि आपण एच१ चा हत्ती. डोळे मिटून खेळून दाखवीन. पण वर्षभरात समोर आलं ते फक्त दोनदा.

येतं ते वेगळंच. ३. घोडा ई५ चं प्यादं मारतो, वजीर एफ६, आणि ४. घोडा सी४. गेल्या महिन्यात दादरला एका रॅपिड (कमी वेळेच्या डावांच्या) स्पर्धेत दहा-अकरा वर्षांचा मुलगा समोर होता. त्याने ही चाल घड्याळाकडे न बघता केली आणि पेनाचं टोपण चावत माझ्याकडे बघत बसला. पुढे: एफने ई४ मारलं, ५. घोडा सी३ वजीर एफ७ ६. घोडा ई३ सी६ ७. डी३ मारामारी ८. उंटाने डी३ घेतलं, डी५ ९. किल्लेकोट (कॅसलिंग). प्यादी सारखी. पण पट बघा: त्याचे दोन्ही घोडे आणि उंट बाहेर, राजा कोपऱ्यात, ई ओळ मोकळी. माझा एकटा वजीर बाहेर, बाकी सगळा फौजफाटा घरात. बाविसाव्या चालीला डाव सोडला.

आमच्या इमारतीतले काका रोज संध्याकाळी गॅलरीत पट मांडतात. त्यांनी हा डाव दोनदा पाहिला आणि म्हणाले, "अगं, वजीर दोनदा हलवून झाल्यावर घोडे कधी काढणार?" बरोबर आहे त्यांचं. पण या गॅम्बिटमध्ये वजीर हलवावाच लागतो, तिथेच मी अडकलेय.

माझे प्रश्न असे. पाचव्या चालीला वजीर एफ७ ऐवजी जी६ ला नेणारं कोणी आहे का? तिथे ६. डी३ उंट बी४ ७. डीने ई४, वजिराने ई४ शह, घोडा ई३, उंटाने सी३ घेतलं की पांढऱ्याला जुळी (एकाच ओळीत मागेपुढे अडकलेली) प्यादी मिळतात, पण त्याचे दोन्ही उंट शाबूत राहतात. माझ्या पातळीला हे चालेल की फसेन?

आणि एफ७ च ठेवायचं असेल तर नवव्या चालीनंतर सोंगट्या कुठे मांडायच्या? उंट डी६, घोडा ई७ आणि किल्लेकोट, असं काकांबरोबर चार वेळा करून पाहिलं, दोनदा तगले. तसंच ७. डी३ ऐवजी घोड्याने ई४ मारलं तर डी५, घोडा जी५, वजीर एफ६, घोडा एफ३. इथे एक प्यादं कमी आहे आणि भरपाई काय ते मला दिसत नाही.

इंजिनचे आकडे नकोत, ते माझ्याकडेही आहेत. ज्यांनी खरंच ही स्थिती पटावर खेळली आहे त्यांनी काय मनात धरून खेळले ते सांगा. मध्य रेल्वेवर कोणी रविवारी प्रत्यक्ष बसून हीच स्थिती दहा-बारा वेळा खेळायला तयार असेल, तर मुलुंडपासून परळपर्यंत कुठेही येईन. पट आणि घड्याळ मी आणते.