आर्क्टिक मंकीजचा पहिला अल्बम : दोष ध्वनिमुद्रणाचा की माझ्या कानाचा?

रामबागेतला तबलजी

नमस्कार मंडळी. मी इंदूरच्या रामबागेत राहतो, वय 58, हौशी तबलावादक. आमच्या घरातले कान उस्ताद अमीर खाँसाहेबांच्या अतिविलंबित, म्हणजे अतिशय संथ, झुमरा तालावर वाढलेले आहेत, हे आधीच कबूल करून टाकतो. गेल्या आठवड्यात भाच्याने हट्टाने मला 'व्हॉटएव्हर पीपल से आय ॲम, दॅट्स व्हॉट आयम नॉट' हा अल्बम ऐकवला. इंग्लंडमधील शेफील्डच्या एकोणीस-वीस वर्षांच्या चार पोरांनी तो केला, 23 जानेवारी 2006 रोजी तो बाजारात आला आणि पहिल्याच आठवड्यात ब्रिटनमध्ये त्याच्या 3,63,735 प्रती खपल्या, जो तेव्हा तिथे कोणाच्याही पहिल्या अल्बमचा विक्रम होता, अशी माहिती त्याने मोठ्या अभिमानाने पुरवली.

मी 13 गाणी आणि सुमारे 41 मिनिटे प्रामाणिकपणे ऐकली. फ्रिजवर शेवेच्या बरणीशेजारी आमचा छोटा स्पीकर असतो, त्यावर. जोम जाणवला, तो नाकारत नाही. पण दोन गिटारी आहेत म्हणतात, त्या मला वेगळ्या काढता आल्या नाहीत. सगळे पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच पट्टीत ओरडते आहे असे वाटले. सम मानून जिथे मान हलवावी तिथे काही घडतच नाही. आणि शब्द तर कानावरून निघून गेले. हा दोष ध्वनिमुद्रणाचा आहे, की हे ऐकण्याची काही वेगळी रीत आहे? 'तुमच्या वयाला झेपणार नाही' हे उत्तर घरून मिळालेले आहे, ते कृपया पुन्हा देऊ नये.

फेडरवाला

काका, निम्मा दोष त्या शेवेच्या बरणीशेजारच्या स्पीकरचा आहे. गिटार-बँडच्या मिश्रणात दोन गिटारी सहसा एक डावीकडे आणि एक उजवीकडे अशा मांडलेल्या असतात. एकाच तोंडाच्या लहान स्पीकरवर दोन्ही बाजू एकमेकींत मिसळतात आणि खालचा बास जवळजवळ नाहीसा होतो, त्यामुळे तुम्ही जे ऐकलेत त्यात मधल्या पट्टीतली करकर तेवढी उरली होती. एकदा बरे हेडफोन लावून ऐका.

उरलेला दोष मात्र खरा आहे आणि मी तो झाकणार नाही. मी एका लहान स्टुडिओत मिक्सिंगचे काम करतो. त्या काळात सीडी शेजारच्या सीडीपेक्षा मोठ्याने वाजावी म्हणून आवाजातले चढउतार दाबून सपाट करण्याची जी चढाओढ चालली होती, तिची खूण या अल्बमवर स्पष्ट ऐकू येते. जिम ॲबिस यांनी लिंकनशायरमधील चॅपल स्टुडिओत बहुतेक गाणी ध्वनिमुद्रित केली आणि बँड एका खोलीत समोर उभा राहून वाजवतो आहे हा भास त्यांनी उत्तम टिकवला, पण शेवटच्या टप्प्यावर हळू आणि जोरदार यांतले अंतर इतके आखडले आहे की सलग ऐकताना कान थकतात. मी स्वतः एका बैठकीत सहा-सात गाण्यांपुढे जात नाही.

डावखुरी

काका, तुमची समेची अडचण वाचून हसू आले, कारण माझ्या आजीचीही नेमकी हीच तक्रार असते. आपला कान पहिल्या मात्रेवर वजन शोधतो, तर या संगीतात चार मात्रांतल्या पहिलीवर पायाचा मोठा ड्रम पडतो आणि ठळक फटका, म्हणजे स्नेअर या लहान, कडक आवाजाच्या ड्रमचा, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर येतो. तुम्ही केरवा धरून बसा, पण टाळी मात्र त्या दोन ठिकाणी द्या. पाच मिनिटांत मान आपोआप हलू लागेल. मॅट हेल्डर्स हा ड्रमवादक तुम्हाला आवडेल असे मला वाटते, कारण तो नुसता ठेका धरून बसत नाही. पहिल्याच गाण्यात, 'द व्ह्यू फ्रॉम द आफ्टरनून'मध्ये, तो जी भरणी करतो ती ऐकून बघा.

गिटारींबद्दल थोडे सविस्तर सांगते, कारण मी स्वतः वाजवते. या वाजवण्यातला जोर सूर लांबवण्यात नसून तो तोडण्यात आहे. उजव्या हाताच्या तळव्याची कड तारांवर, घोडीजवळ, हलकेच टेकवायची आणि पिक (तारा छेडायची छोटी चकती) सतत खालच्या दिशेने मारायचा, म्हणजे 'टक टक टक' असा कोरडा, बंद आवाज येतो, साधारण तुमच्या डग्ग्यावर पंजा दाबून ठेवल्यावर येतो तसा. मग तळवा उचलला की तोच स्वरसमूह एकदम उघडा होऊन अंगावर येतो. (मी डावखुरी असल्याने माझा तळवा डावा, पण तत्त्व तेच.) ॲलेक्स टर्नर आणि जेमी कुक हे दोघे एकाच वेळी क्वचितच पूर्ण उघडे वाजवतात, एक बंद ठेवतो तेव्हा दुसरा छोटी सुरावट वाजवतो. हे एकदा कळले की आवाजाच्या त्या सलग भिंतीतल्या विटा वेगळ्या दिसू लागतात.

आता एक गाणे: 'व्हेन द सन गोज डाउन'. सुरुवातीला केवळ एक गिटार आणि आवाज, अगदी संथ. मग काहीही सूचना न देता पूर्ण बँड कोसळतो, आणि शेवटी पुन्हा तीच संथ जागा येते. हे विलंबित-द्रुत नव्हे, कारण लय हळूहळू वाढवत नेण्याची आपली सगळी मजाच इथे वगळलेली आहे. ती घटना दार धाडकन उघडल्यासारखी आहे.

राजवाडा_ते_रॉदरहॅम

मी दीड वर्ष शेफील्डमध्ये शिकायला होतो, म्हणून शब्दांपुरते लिहितो. काका, शब्द कळले नाहीत यात कमीपणा नाही. लंडनच्या माणसालाही काही ठिकाणी थांबावे लागत असेल. टर्नर शेफील्डच्या बोलीत गातो, बोलतो तसे उच्चार ठेवून. 'मार्डी बम' या गाण्यातला 'मार्डी' हा शब्द उत्तर इंग्लंडच्या घरगुती बोलीतला आहे; आपल्याकडची 'रुसूबाई' त्याला चपखल बसते. 'फेक टेल्स ऑफ सॅन फ्रान्सिस्को'मध्ये अमेरिकेच्या बढाया मारणाऱ्या एका स्थानिक बँडला तो सुनावतो की बाबा, तू न्यूयॉर्कचा नाहीस, रॉदरहॅमचा आहेस. रॉदरहॅम हे शेफील्डला अगदी चिकटलेले गाव. देवासच्या पोराने मुंबईचा आव आणावा आणि आपण सराफ्यात त्याला सर्वांसमक्ष 'भिया, देवासची बस लागली आहे' म्हणावे, तसला हा मामला आहे.

पुण्यात गेल्यावर आपल्या इंदुरी मराठीला 'हिंदीतून आलात का?' असे ज्यांनी ऐकून घेतले आहे, त्यांना या अल्बममधला हट्ट लगेच समजेल. विषयही सगळे जवळचे आहेत: क्लबच्या दारावरचा अरेरावी करणारा पहारेकरी, रात्री उशिरा टॅक्सीत दाटीवाटीने बसण्यावरून होणारी तणतण. 'रेड लाइट इंडिकेट्स डोअर्स आर सिक्युअर्ड' हे शीर्षक तर टॅक्सीच्या दारावरची सूचनाच आहे. अल्बम येण्याआधी ही मुले कार्यक्रमांत घरी तयार केलेल्या सीडी फुकट वाटत. श्रोत्यांनीच ती गाणी इंटरनेटवर एकमेकांना पाठवली, त्यामुळे पहिल्या दिवशी दुकानात गेलेल्यांपैकी बऱ्याच जणांना ती आधीच पाठ होती.

रामबागेतला तबलजी

सर्वांचे आभार. काल रात्री भाच्याचे हेडफोन मागून घेतले आणि फेडरवाल्यांच्या सल्ल्याप्रमाणे चारच गाणी ऐकली. दोन गिटारी वेगळ्या झाल्या. बंद आणि उघड्या आवाजाचा फरक तर डग्ग्याच्या उपमेमुळे लगेच कळला. टाळी दुसऱ्या-चौथ्यावर ठेवायला मात्र तीन गाणी गेली आणि मध्येच ती चुकून पुन्हा पहिलीवर यायची.

शेवटचे 'अ सर्टन रोमान्स' मला फार आवडले. सुरुवातीचा गोंधळ ओसरल्यावर तो जो सैल, डुलता ठेका येतो त्यात प्रथमच ऐसपैस बसायला जागा मिळाली, आणि शेवटी शब्द संपल्यावर गिटार जे एकटे बोलत राहते ते ऐकताना मी हातातली सुपारी कातरायची विसरलो. सपाटपणाची तक्रार तरीही कायम आहे. ती मी मागे घेत नाही.

डावखुरी

मग काका, आता 'रायट व्हॅन' ऐका. संथ आहे, बँड जवळजवळ कुजबुजतो, आणि ते फ्रिजवरच्या स्पीकरवरही चालेल.