कॅथेड्रल : बिशप नसला तरी?

अनुवादिका : अमेरिकेतल्या 'क्रिस्टल कॅथेड्रल'वरचा एक मोठा लेख मराठीत आणते आहे. नाव तसंच ठेवणार, पण पुढे जागोजागी नुसतं 'कॅथेड्रल' येतं. तिथे काय लिहू? महामंदिर, मुख्य चर्च, की सरळ चर्च? कोशात 'बिशपचे मुख्य चर्च' असा अर्थ मिळाला. लेखात मात्र बिशपचा पत्ता नाही. टीव्हीवर प्रवचनं करणारे एक पाळक (पास्टर) तेवढे आहेत.

वसईकर : कोशातला अर्थ बरोबर आहे. मूळ शब्द 'कॅथेड्रा', ग्रीकमधून लॅटिनमध्ये आलेला, अर्थ आसन. ज्या चर्चमध्ये धर्मप्रांताच्या बिशपचं, म्हणजे त्या भागातल्या चर्चांच्या प्रमुखाचं, आसन असतं ते कॅथेड्रल. इमारत केवढी याचा काही संबंध नाही. जुन्या गोव्यात सगळे बॉम जेझूसला गर्दी करतात, पण ती बॅसिलिका, म्हणजे पोपने खास मान दिलेलं चर्च; कॅथेड्रल आहे ते रस्त्यापलीकडचं 'से'. आणि 'से' म्हणजेसुद्धा आसनच, लॅटिन 'सेदेस'चा पोर्तुगीज अवतार. म्हणजे 'से कॅथेड्रल' हा आपला पिवळा पीतांबर झाला. कोकणीत खुर्चीला 'कदेल' म्हणतात, तेही पोर्तुगीज 'कादेइरा'वरून, म्हणजे शेवटी कॅथेड्रावरूनच.

गिरगावकर : मुंबईत कॅथेड्रल म्हटलं की लोकांना आधी शाळेची अ‍ॅडमिशन आठवते!

अनुवादिका : मग बिशप नसताना या पाळकांनी हे नाव घेतलंच कसं? कुणी हरकत घेतली नाही?

ऑरेंजकर : माझी नोकरी कॅलिफोर्नियात, हे चर्च आहे त्याच ऑरेंज काउंटीत झाली, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुमचे ते टीव्हीवरचे पाळक रॉबर्ट शुलर हे 'रिफॉर्म्ड चर्च इन अमेरिका' या पंथाचे. या पंथात बिशप हे पदच नाही. कारभार पाळक आणि चर्चने निवडलेली वडीलमंडळी (एल्डर्स) पाहतात. त्यामुळे व्याख्येच्या दृष्टीने ते कॅथेड्रल कधीच नव्हतं. पण अमेरिकेत सामान्य बोलण्यात कुठल्याही भव्य चर्चला कॅथेड्रल म्हणतात, तेव्हा हरकत कोण घेणार?

सुरुवात तर अगदी साधी होती. शुलर पतिपत्नी 1955 साली 500 डॉलर घेऊन कॅलिफोर्नियात आले. उपासनेला जागा मिळेना, म्हणून रविवारी सकाळी रिकामं असणारं ड्राइव्ह-इन थिएटर भाड्याने घेतलं. शुलर खाण्याच्या स्टॉलच्या छपरावर उभे राहून प्रवचन करत आणि मंडळी आपापल्या गाडीत बसून खिडकीला अडकवलेल्या स्पीकरवर ऐकत. 'आहात तसे या, घरच्या गाडीतून या' अशी जाहिरात होती. रस्ते, गाड्या आणि नवी घरं यांनीच ती काउंटी तेव्हा भरत होती. शुलरना गिऱ्हाईक कळलं होतं, असं मी म्हणेन, आणि हे कुचेष्टेने म्हणत नाही.

1961 मध्ये त्याच काउंटीतल्या गार्डन ग्रोव्हला वास्तुविशारद रिचर्ड नॉयट्रा यांनी त्यांच्यासाठी चर्च बांधलं. बाकांवर बसलेल्यांना आणि बाहेर गाडीत बसलेल्यांनाही पाळक दिसावेत अशी त्याची रचना होती. 1970 ला 'अवर ऑफ पॉवर' हा टीव्ही कार्यक्रम सुरू झाला, पैशांचा ओघ वाढला आणि जागा अपुरी पडू लागली. मग फिलिप जॉन्सन आणि जॉन बर्गी या वास्तुविशारदांकडे काम गेलं आणि 1980 च्या सप्टेंबरात काचेची इमारत खुली झाली. चार टोकांच्या ताऱ्यासारखा आराखडा, पांढऱ्या पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर दहा हजारांहून जास्त काचा. या काचा बोल्टने आवळलेल्या नाहीत, सिलिकॉनने चिकटवलेल्या आहेत. भूकंपात सांगाडा हलला तर काचेला थोडं सरकायला वाव राहावा म्हणून. वातानुकूलन नव्हतं, काही तावदानं उघडून वारा खेळवायचे. प्रवचनाच्या जागेमागे नव्वद फूट उंचीची दोन दारं होती. ती उघडली की बाहेर गाड्यांत बसलेली मंडळीही उपासनेत सामील. ड्राइव्ह-इनची सवय सुटली नव्हती!

शब्दवेडा : 'क्रिस्टल'चंही बघा. तिथे स्फटिक नावालाही नाही, आहे ती साधी परावर्तक काच. लंडनचा 1851 चा क्रिस्टल पॅलेसही असाच. 'स्फटिक' लिहिलंत तर वाचकाच्या डोळ्यांपुढे शंकराची पिंडी येईल. वर्णनात 'काचेचं चर्च' म्हणा, किंवा थोडं नटवायचं असेल तर 'बिलोरी'. बिलोरी आरसा आपल्याकडे आहेच की.

वसईकर : नावापुरतं 'क्रिस्टल' राहू द्या. त्याचं नंतर काय झालं ते ऑरेंजकर सांगतीलच.

ऑरेंजकर : सांगतो. 2006 ला शुलरनी सूत्रं मुलाकडे दिली. दोन वर्षांत बापलेकाचं बिनसलं आणि मुलगा टीव्हीवरून गेला. पुढे मुलीने कारभार पाहिला. देणग्या आटल्या, डोक्यावर कर्ज होतंच. 2010 च्या ऑक्टोबरात संस्थेने दिवाळखोरीचा अर्ज केला. नाताळच्या देखाव्यात खरे उंट-मेंढ्या आणत आणि तारांवरून देवदूत उडवत. ज्यांचे पैसे थकले होते त्यांच्या यादीत ती जनावरं पुरवणारेही होते. चॅपमन विद्यापीठालाही ही जागा हवी होती. शेवटी 5 कोटी 75 लाख डॉलरांना ती ऑरेंजच्या रोमन कॅथलिक धर्मप्रांताने घेतली. तिथे उपासना चालू राहावी, असं विकणाऱ्यांनाही वाटत होतं.

कॅथलिक धर्मप्रांत म्हणजे बिशप आले, आणि बिशप आले म्हणजे त्यांचं आसन आलं! 2012 मध्ये 'क्राइस्ट कॅथेड्रल' हे नाव जाहीर झालं. आत बरंच काम करून, काचांतून येणारी तिरीप अडवायला छतभर चार पाकळ्यांच्या आकाराचे धातूचे पडदे लावून 17 जुलै 2019 ला विधिवत समर्पण झालं. शुलर 2015 मध्येच गेले होते. तीसेक वर्षं नुसतं नावाचं कॅथेड्रल होतं ते व्याख्येनेही कॅथेड्रल झालं, आणि तेव्हाच 'क्रिस्टल' गळालं.

गिरगावकर : असं आपल्या फोर्टातही झालंय की. सेंट थॉमस 1718 चं, पण मुंबईला बिशप नेमला गेला 1837 ला. तोवर ते नुसतं चर्चच होतं.

शब्दवेडा : मग मराठीत 'पीठ' का नको? विद्यापीठ, खंडपीठ, व्यासपीठ, शंकराचार्यांचं पीठ, सगळीकडे आसनावरून जागा आणि जागेवरून अधिकार. 'पीठमंदिर' चालेल.

वसईकर : तर्क चोख आहे, पण वसईत एकाही म्हातारीला कळणार नाही. ती गिरणीचा रस्ता दाखवील.

अनुवादिका : 😄 मग शुलरच्या काळापुरतं वर्णनात 'चर्च', 2012 नंतर 'कॅथेड्रल', आणि पहिल्या उल्लेखात बिशपच्या आसनाबद्दल एक वाक्य. चालेल? आणि टेलिव्हॅन्जेलिस्टचं काय करू? 'दूरचित्रवाणी सुवार्तिक' लिहिलं तर सरकारी परिपत्रकासारखं वाटतंय.

वसईकर : चालेल. फक्त 2012 ते 2019 मध्ये 'नियोजित' शब्द घाला, समर्पण व्हायचं होतं. सुवार्तिक हा शब्द ख्रिस्ती मराठीत रुळलेला आहे, पण तो गावोगाव फिरून सुवार्ता सांगणारा. शुलर एका मंडळीचे, म्हणजे एका चर्चच्या समुदायाचे, पाळक होते आणि टीव्हीवर दिसत. 'टीव्हीवरचे पाळक' लिहा, कुणी अडखळणार नाही.

गिरगावकर : 'टीव्हीवरचे कीर्तनकार' नको का? आमच्याकडे लगेच कळेल.

वसईकर : कळेल, पण कीर्तनकाराच्या हातात चिपळ्या दिसतील. शुलरच्या अंगात पायघोळ झगा असायचा आणि मागे जगातल्या मोठ्यांपैकी एक पाइप ऑर्गन. पाळकच ठेवा.