मदत हवी आहे : अनेक कथांच्या भयपटाचे परीक्षण कसे लिहावे?

नमस्कार. ‘डेड ऑफ नाइट’ (१९४५) या ब्रिटिश भयपटाचे परीक्षण लिहीत असून जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. चार दिग्दर्शकांच्या या चित्रपटात पाच कथा एका वास्तुविशारदाच्या वारंवार पडणाऱ्या स्वप्नात गुंफल्या आहेत, मात्र त्यांचा कस सारखा नाही. त्यांपैकी एक दिग्दर्शक रॉबर्ट हेमर याच्या कथेत नायकाला आरशात स्वतःच्या खोलीऐवजी पेटती शेकोटी आणि जुना पलंग असलेली परकी खोली दिसते, आणि तेवढ्यानेच अंगावर काटा येतो. गोल्फ खेळणाऱ्या मित्रांची विनोदी कथा मात्र मला उपरी वाटते. अमेरिकेत सुरुवातीला ती आणि नाताळच्या मेजवानीची कथा वगळली गेली होती. त्याने नुकसानच झाले असे माझे ठाम मत आहे, कारण शेवटच्या दुःस्वप्नात ती मेजवानी पुन्हा येते आणि कथाच पाहिली नसेल तर संदर्भ लागत नाही.

मग प्रत्येक कथेचे मूल्यमापन स्वतंत्रपणे करावे, की दुबळ्या कथेलाही स्वप्नाच्या चौकटीतील तिच्या कामावरून तोलावे?

दुसरी अडचण तुलनेची आहे. यातील शववाहिनीच्या चालकाची कथा आणि ‘द ट्वायलाइट झोन’ या अमेरिकी दूरचित्रवाणी मालिकेचा ‘ट्वेंटी टू’ (१९६१) हा भाग, दोन्हींचे मूळ ई. एफ. बेन्सन यांच्या एकाच कथेत आहे. परंतु तो भाग खर्च वाचवण्यासाठी फिल्मऐवजी व्हिडिओटेपवर चित्रित झाल्याने सपाट दिसतो. परीक्षणात या मर्यादेची सूट किती द्यावी? अशा चित्रपटांची मराठीतील चांगली परीक्षणे कोणी वाचली असल्यास कृपया सुचवावीत.