गुरुवारी कटओव्हर, शुक्रवारी गो-लाइव्ह, झोप उडालीये, अनुभवी लोकांनी सांगा

इंद्रायणीकाठ:
नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीत ऑटो पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत आयटी बघते, म्हणजे मी आणि दोन मुलं एवढंच आमचं खातं. या आठवड्यात जुनं सॉफ्टवेअर बंद होऊन नवीन ईआरपी, म्हणजे सगळ्या खात्यांना एकत्र जोडणारं सॉफ्टवेअर, चालू होतंय. जुनं म्हणजे १७ वर्षांपूर्वी एका सरांनी फॉक्सप्रो या जुन्या भाषेत लिहून दिलेलं, त्याच्यावरच स्टोअर, खरेदी, डिस्पॅच, बिलं सगळं चाललंय. बुधवारी दुसरी पाळी सुटली की जुन्यात एंट्री बंद, गुरुवारी आमच्याकडे सुट्टी असते तर त्या दिवसात सगळा स्टॉक मोजायचा, डेटा चढवायचा आणि शुक्रवारी सकाळी सातची पाळी नव्यावर. साडेआठला चाकणला पहिली गाडी जाते. कस्टमरकडे आमच्या मालाचा जेमतेम दोन तासांचा स्टॉक असतो, त्यांची लाइन थांबली तर डेबिट नोट येते, म्हणजे नुकसान आमच्याकडून वसूल करतात, आणि ती साधीसुधी नसते.

टेस्टिंग झालंय, सगळ्या खात्यांच्या सह्या आहेत, कन्सल्टंट म्हणतात मॅडम टेन्शन घेऊ नका. पण दहा दिवस झाले पहाटे तीनला जाग येते ती येतेच आणि डोळ्यापुढे तेच, गेटवर गाडी भरून उभी आहे, बिल निघत नाहीये आणि सगळे माझ्या तोंडाकडे बघतायत.

अजून एक गोष्ट मनात घर करून बसलीये. आमच्या स्टोअरला एक मामा आहेत, रिटायरमेंटला दोन वर्षं राहिलीत. त्यांचं एक लांबडं रजिस्टर आहे, पुठ्ठ्याला खाकी कागद घातलेला, कडेला सुतळीने पेन बांधलेलं, आणि कुठला बार (धातूची सळई) कुठल्या रॅकवर हे त्यांना रजिस्टर न उघडता पाठ. ट्रेनिंगला शेवटच्या खुर्चीवर बसले होते, दोन तास एक शब्द नाही. सगळे गेल्यावर हळूच येऊन विचारलं, "मॅडम, एंटर दाबलं आणि चुकलं तर माघारी येतं का हो?" मी म्हटलं येतं मामा, काळजी करू नका. पण खरं सांगते, कुठल्या स्क्रीनवर माघारी येतं आणि कुठल्यावर नाही हे मलाच धड माहीत नव्हतं. त्या दिवसापासून पोटात गोळा आहे.

ज्यांनी हे निभावलंय त्यांनी सांगा, आता हातात दोन दिवस आहेत, काय करू?

लेथवाला:
ताई, मी मेंटेनन्समधून प्लॅनिंगला आलो आणि असे दोन गो-लाइव्ह बघितलेत, त्यातला पहिला फार वाईट गेला. मामांचा प्रश्न घेऊन आज दुपारीच कन्सल्टंटबरोबर बसा आणि एकेक स्क्रीन उघडून विचारा, हे चुकलं तर माघारी कसं घ्यायचं. मालाची जीआरएन, म्हणजे माल आल्याची नोंद, बहुतेक ठिकाणी उलटवता येते, पण क्वालिटीने पास करून माल मशीनवर वापरायला दिला (इश्यू झाला) असेल तर उलट क्रमाने एकेक पायरी मागे यावं लागतं आणि ते पहिल्या दिवशी गर्दीत कुणाला सुचत नाही. बिलाचं तर अजून कडक आहे, ई-इनव्हॉइसचा आयआरएन, म्हणजे जीएसटीच्या पोर्टलवर बिलाला मिळणारा नोंदणी नंबर, पोर्टलवर २४ तासांच्या आतच रद्द होतो, नंतर क्रेडिट नोट, म्हणजे बिलाची रक्कम कमी करणारा कागद, काढायची, आणि रद्द केलेला बिल नंबर परत वापरता येत नाही. हे डिस्पॅचच्या पोरांना माहीत आहे का बघा.

आमचं काय झालं ते सांगतो. बिलाच्या नंबरात प्लँट, वर्ष, खातं सगळं बसवलं होतं, दिसायला छान, पण मोजलं तर १८ अक्षरं. जीएसटीत बिल नंबर १६ अक्षरांच्या वर चालत नाही. टेस्टिंगला कळलंच नाही कारण तेव्हा ई-इनव्हॉइस जोडलेलं नव्हतं, नुसती प्रिंट बघून सगळ्यांनी सही केली होती. सकाळी आठला पहिलं बिल पोर्टलने परत पाठवलं आणि तीन गाड्या गेटवर. तेव्हा तुमचा नंबर आत्ता बोटावर मोजा.

दुसरं म्हणजे युनिट. बार किलोत खरेदी होतो आणि नगात किंवा मीटरमध्ये इश्यू होतो, तिथला गुणाकार एका पार्टला जरी चुकला तरी स्टॉक मायनसमध्ये जातो. जास्त चालणारे पन्नासेक पार्ट काढा, मामांना शेजारी बसवा आणि प्रत्येकाचं वजन त्यांच्या तोंडून विचारून ताडून बघा. त्यांना तराजूशिवाय माहीत असतं.

आणि बुधवारी संध्याकाळी एक गाडी जादा पाठवा. कस्टमरच्या शेड्युलिंगवाल्याला आधी फोन करून सांगा की शुक्रवारी आमचं नवीन सॉफ्टवेअर आहे म्हणून एका पाळीचा माल आगाऊ देतोय. नाही म्हणत नाहीत. आणि तुमची तीनची झोप त्याच गाडीसाठी उडालीये ना, मग ती गाडी आदल्या रात्रीच पाठवून टाका.

पाषाण_तळं:
मी हिंजवडीत रिलीज मॅनेजमेंट, म्हणजे नवीन सॉफ्टवेअर चालू करायचं काम, करतो, फॅक्टरीतलं मला कळत नाही पण एक उदाहरण आमच्याकडे नवीन मुलांना आवर्जून सांगतो. लंडनच्या हीथ्रो विमानतळाचं टर्मिनल ५, २७ मार्च २००८ ला प्रवाशांसाठी चालू झालं. आधी कित्येक महिने चाचण्या, हजारो लोकांना खोटे प्रवासी बनवून फिरवलेलं. पहिल्या दिवशी कामगारांनाच गाडी लावायला जागा मिळेना, सिक्युरिटीतून आत यायला उशीर, आत आले तर बॅगांच्या सिस्टिमला काहींचं लॉगिन होईना. त्यात टेस्टिंगच्या वेळी लावलेला एक फिल्टर काढायचा राहिला होता, त्यामुळे दुसऱ्या एअरलाइनवरून येणाऱ्या बॅगांचे मेसेज आतल्या सिस्टिमपर्यंत पोचतच नव्हते. हजारो बॅगा पडून राहिल्या, विमानं रद्द झाली.

म्हणून दोन गोष्टी करा. टेस्टिंगसाठी जे जे तात्पुरतं केलंय, खोटा ईमेल, टेस्टचं लॉगिन, बंद ठेवलेला इंटरफेस, ते सगळं एका कागदावर लिहा आणि गुरुवारी रात्री एकेक काढताना दुसऱ्या माणसाकडून टिक करून घ्या, ज्याने लावलं त्याच्याकडून नको. आणि शुक्रवारी सकाळी येणाऱ्या प्रत्येकाचं खरं लॉगिन, त्याच्याच पासवर्डने, त्याच्याच कॉम्प्युटरवर, त्याच्याच प्रिंटरवर बुधवारपर्यंत एकदा चालवून बघा. तुमच्या टेबलवर चाललं म्हणजे डिस्पॅचच्या खिडकीत चाललं असं धरू नका.

अजून एक, मागे कधी फिरायचं ते आधी ठरवा. गुरुवारी रात्री किती वाजेपर्यंत स्टॉक जुळला नाही तर शुक्रवारी जुन्यावरच चालवायचं, आणि हे कोण म्हणणार, ते आज साहेबांकडून लेखी घ्या. रात्री दोन वाजता थकलेल्या माणसाला हा निर्णय घेता येत नाही हो, तेव्हा सगळ्यांना वाटतं अजून अर्धा तास दिला की होईल. तो निर्णय तुमच्या एकटीच्या डोक्यावर नसला की झोपही थोडी येईल.

चावी_खिशात:
ताई मी ३१ वर्षं स्टोअरला होतो, पिंपरीत. आमच्याकडे कॉम्प्युटर आला तेव्हा माझी पण मामांसारखीच गत झाली होती म्हणून लिहितोय. माणूस सॉफ्टवेअरला नाही घाबरत, पोरांसमोर चुकायला घाबरतो. इतकी वर्षं सगळे ज्याला विचारत आले, त्याला एक दिवस बावीस वर्षांचं पोरगं म्हणतं काका तसं नाही असं करा, ते फार लागतं. माझ्या वेळी एका बाईंनी जेवणाच्या सुट्टीत मला एकट्याला बसवून सांगितलं, मुद्दाम चुका करा, मुद्दाम. दहा चुका केल्या, दहा वेळा उलटवल्या, मग हात थरथरायचा थांबला. तुम्ही पण टेस्टमध्ये त्यांच्याकडून हे करून घ्या, दार लावून.

आणि रजिस्टर काढून घेऊ नका. महिनाभर दोन्हीकडे लिहू दे. काम डबल होतं म्हणून मॅनेजर कुरकुर करतील पण पहिल्या आठवड्यात स्टॉक जुळला नाही की सगळे त्या रजिस्टरकडेच धावतात बघा.

ताळेबंद:
कर सल्लागार आहे, थोडक्यात लिहिते. जुन्या सिस्टिमचा कॉम्प्युटर पुसू नका, जीएसटीची कागदपत्रं वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात, तेव्हा बघण्यापुरतं तरी ते चालू राहिलं पाहिजे. जुन्या आणि नव्या बिलांची सिरीज पूर्ण वेगळी ठेवा.

आणि जॉबवर्कला, म्हणजे बाहेरच्याकडून काम करून घ्यायला, गेलेला माल विसरू नका. ओपनिंग स्टॉक म्हटलं की सगळे कंपनीच्या भिंतीच्या आतलं मोजतात आणि प्लेटिंगला, हीट ट्रीटमेंटला गेलेला माल राहून जातो. तो चढवताना मूळ चलानाची तारीख घाला. जॉबवर्कचा कच्चा माल एका वर्षात परत यावा लागतो, ते वर्ष मूळ चलानापासून मोजतात, नव्या सॉफ्टवेअरच्या पहिल्या दिवसापासून नाही. दर वेळी हेच चुकलेलं माझ्याकडे येतं.

इंद्रायणीकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं लिहिलंत. बिलाचा नंबर मोजला, १५ आहे. जादा गाडीसाठी साहेब हो म्हणाले. मागे फिरायची वेळ गुरुवार रात्री ११ ठरली, प्लँट हेडनी मेल केलाय. जॉबवर्कचं खरंच राहिलं होतं, आत्ता चलानांची फाइल काढून बसलोय.

इंद्रायणीकाठ:
शुक्रवार रात्र, आत्ता घरी आले, झोपायच्या आधी लिहिते कारण तुम्ही वाट बघत असाल.

गुरुवारी साडेदहाला स्टॉक जुळला, १४ पार्ट सोडून, ते बाजूला ब्लॉक केले. सकाळी पहिलं बिल ७:५० ला निघालं, क्यूआर कोडसकट, आणि मला रडूच आलं. मग लेबल अडकलं. बारकोडची उजवी बाजू कापली जात होती, कारण आम्ही टेस्ट ऑफिसच्या प्रिंटरवर साध्या कागदावर केली होती आणि डिस्पॅचच्या थर्मल प्रिंटरचा रोल अरुंद आहे. पाषाण_तळं, तुम्ही अगदी हेच लिहिलं होतं, लॉगिन सगळ्यांची बघितली आणि तो एक प्रिंटर राहिला. गाडी ९:१० ला गेली, मोशीच्या पुढे ट्रॅफिक, पोचायला अकरा. बुधवारची जादा गाडी नसती तर आज लाइन थांबली असती.

अकराच्या सुमारास स्टोअरला गेले. मामांनी १२० बारच्या जागी १२०० टाकले होते. माझ्या आधी त्यांच्याच लक्षात आलं, मी पोचेपर्यंत एंट्री उलटवून नवीन केली होती आणि रजिस्टरमध्ये दोन्ही लिहून पहिलीवर आडवी रेघ मारली होती. मला म्हणाले, "आलं माघारी." बुधवारी जेवणाच्या सुट्टीत दार लावून बसलो होतो आम्ही, चावी_खिशात काका, तुमचं ऐकून.

उद्या परत सातला जायचंय. ताळेबंद ताई, प्लेटिंगवाल्याकडची तीन चलानं जुळत नाहीयेत, आमच्याकडे ६४० नग आहेत आणि तो ६०० च म्हणतोय, एका चलानाला अकरावा महिना चालू आहे. हे आधी त्याच्याकडे जाऊन मोजून घेऊ का चढवलेलं तसंच ठेवून नंतर फरक टाकू?