कोथरूडमध्ये नवीन आलोय, एरियाचा ग्रुप कसा सापडेल?

प्रश्न: व्हॉट्सॲपवर शोधलं, काहीच दिसत नाही. पाणी कधी बंद असणार एवढं कळलं तरी पुरे.

उत्तर १: दिसणारच नाही, आपण नसलेले ग्रुप तिथल्या सर्चमध्ये येत नाहीत. सोसायटीच्या सेक्रेटरींना नाव आणि फ्लॅट नंबर पाठवा. भाडेकरू असाल तर आधी घरमालकांकडून कळवा. एरियासाठी फेसबुकवर ‘कोथरूड’ मराठीत आणि इंग्रजीत टाकून ‘ग्रुप्स’ निवडा.

उत्तर २: आणि फेसबुक ग्रुप जॉइन करताना विचारलेले प्रश्न रिकामे सोडू नका, विनंती पडून राहते. शेवटची पोस्ट कधीची तेही बघा. बरेच ग्रुप नुसत्या जाहिरातींचे असतात.

उत्तर ३: सेक्रेटरी ‘ॲड होत नाही’ म्हणाले तर व्हॉट्सॲपमध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी, ग्रुप्स बघा. ‘माय कॉन्टॅक्ट्स’ असेल तर त्यांचा नंबर सेव्ह करा. नाहीतर नुसतं आमंत्रण येतं, तेही ३ दिवसांत बाद. १०२४ सदस्य झाले की मात्र ग्रुप फुल्ल!