दोन चाकं फूटपाथवर: दंड भरायचा की भांडायचं?

सडाफटिंग: लंडनमधली आमची गल्ली इतकी चिंचोळी आहे की दोन्ही बाजूंना गाड्या लागल्या की कचऱ्याचा ट्रक अडकतो. म्हणून सगळेच दोन चाकं फूटपाथवर चढवतात. मीही चढवली. वायपरखाली दंडाची नोटीस, कोड ६२, म्हणजे फूटपाथवर गाडी. मनाईची पाटी नाही, पिवळी रेघ नाही. रस्ता मोकळा ठेवल्याबद्दल दंड! मी लढणार आहे. मुद्दे सुचवा, उपदेश नको.

पायीपायी: बरं, नुसता कायदा सांगतो. लंडनमध्ये १९७४च्या कायद्यानं फूटपाथवर गाडी लावायला सरसकट बंदी आहे, एक चाक चढलं तरी. त्यामुळे मनाईची पाटी लागतच नाही. पाटी असते ती परवानगीची, फूटपाथवर चढलेल्या गाडीचं चित्र असलेली. 'पाटी नव्हती' हा मुद्दा पहिल्याच पत्रात आपटणार.

सडाफटिंग: म्हणजे नियम आपणच शोधून काढायचे! आणि वर्षानुवर्षं अख्खी गल्ली तेच करतेय, त्याचं काय?

दुहेरी बाबागाडी: काय म्हणजे? जुळ्यांना घेऊन त्या गल्लीतून एकदा जाऊन दाखवा. एकीकडे गाडीचा आरसा, दुसरीकडे कुणाच्या तरी कुंपणाच्या काटेरी फांद्या. बाबागाडी मागे घ्यायची, फूटपाथच्या कडेवरून धाडकन खाली उतरवायची आणि रस्त्यातून चालायचं. व्हीलचेअरवाल्याला तर तेही जमत नाही. जागा कमी आहे ना, मग एकाच बाजूला लावा गाड्या. पण मग घरापासून लांब लावावी लागेल, खरं दुखणं ते आहे.

हौशी वकील: ताई, सगळं मान्य. तरी नोटीस आली म्हणून निमूट पैसे भरावेत असं नाही, कौन्सिलही, म्हणजे दंड करणारी पालिकाही, चुकते. आधी त्यांचे फोटो बघा. चाक खरंच फूटपाथवर दिसतंय का? ती जागा कुणाच्या खासगी अंगणात मोडते का? परवानगीची जागा असेल तर तिथल्या रेघा पुसल्यात का? यात काही सापडलं तर १४ दिवसांच्या आत लिहा. त्या मुदतीत लिहिलं तर अर्ज फेटाळतानाही कौन्सिल बहुतेकदा लवकर भरल्यास मिळणारी निम्म्या दंडाची सवलत पुन्हा देते. कौन्सिलला नाही पटलं आणि दंडही भरला नाही, तर गाडीच्या मालकाच्या नावानं नोटीस येते, तिला २८ दिवसांत उत्तर द्यायचं. तेही फेटाळलं तर ट्रायब्युनल, म्हणजे कौन्सिलबाहेरचा स्वतंत्र निवाडा, तिथे फी नाही. मात्र तिथे हरलात तर पूर्ण रक्कम. आणि 'सगळेच लावतात' हे तिथे चालत नाही. नियम मोडला की नाही, हे बघतात.

पायीपायी: अशा पळवाटा शिकवल्यावर फूटपाथ मोकळे कसे होणार? स्कॉटलंडनं तर २०१९मध्ये कायदाच केला, २०२४पासून एडिंबरोत दंडही होतोय.

हौशी वकील: पुरावा मागणं ही पळवाट नव्हे.

सडाफटिंग: फोटो पाहिले! मागचं चाक चक्क गटाराच्या झाकणावर आहे, फूटपाथवरून खाली, रस्त्यावर. आजच लिहितो.

दुहेरी बाबागाडी: आणि पुढचं?